ट्रॉलीतल्या फ्रिजचा कप्पा भट्टी झालाय, हवा कुठून घ्यायची नि कुठून काढायची?

दारव्हेकर | ३ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून झोपायची ट्रॉली बनवून घेत होतो. बोलेरोमागे ओढायची, सिंगल अ‍ॅक्सल, सात बाय पाच फूट. अँगलचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून १२ एमएमचा प्लाय. (आरटीओ आणि नोंदणीवर वेगळा धागा काढतो. इथे तो विषय कृपया नको, नाहीतर शंभर प्रतिसाद त्यातच जातील.)

ट्रॉलीत १२ व्होल्टवर चालणारा ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आहे, तो पेटीसारखा वरून उघडणारा. हौस म्हणून घेतलेला नाही. आई इन्सुलिनवर आहे. तिला माहेरच्या बाजूला मेहकर, लोणार करायचंय, आणि सुट्ट्या म्हणजे मे महिना. त्यामुळे फ्रिज चाललाच पाहिजे.

फ्रिज उघड्यावर ठेवला तर धूळ बसते आणि वानरं झाकण उघडतात (चिखलदऱ्याला अनुभव घेतलाय, अख्खं श्रीखंड गेलं). म्हणून उजव्या बाजूला त्याच्यासाठी बंद कप्पा केला. ३२ इंच लांब, २० रुंद, २२ उंच. बाहेरून दार.

परवा अंगणात चाचणी घेतली. बाहेर सावलीत ४३ अंश. कप्प्यात तापमापी ठेवला, तीन वाजता ५७! फ्रिज ४ वर लावलेला, आत ११ च्या खाली येईना. कॉम्प्रेसर सकाळी दहापासून एकदाही थांबला नाही आणि संध्याकाळी सातला बॅटरीनं मान टाकली. मग होलसॉ आणून दारावर एक इंची वीस भोकं पाडली. काल पुन्हा चाचणी घेतली तर कप्प्यात ५५. वीस भोकांनी दोन अंश.

आणखी भोकं पाडू का? पंखा लावू? लावला तर आत हवा घेणारा की बाहेर टाकणारा? जाणकारांनी सांगावं.

काळी_माती | ३ मे, रात्री १०:०५

राजेहो, ५७ म्हंजे फ्रिज नाई, पापड वाळवाचं यंत्र झालं ते. वीस भोकं पाडून दार चाळणी केली, आता एकवीसावं नका पाडू. जाणकार येईलोक थांबा. आमी वाचून राह्यलो.

पुणेरी_पांथस्थ | ३ मे, रात्री १०:३१

परदेशात अशा ट्रेलर्ससाठी तयार व्हेंट किट मिळतात, मागवून घ्या. सगळं घरीच का करायचं असतं?

काळी_माती | ३ मे, रात्री १०:३८

कारण तयार किटवाल्यानं मे मयन्यातलं दारव्हा पायलं नाई दादा.

वायरमन_वर्धा | ४ मे, सकाळी ७:१५

दारव्हेकर भाऊ, हवेचं सांगणारे सांगतील, आधी एक काम करा. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या टोकाला व्होल्टेज मोजा आणि लगेच फ्रिजच्या प्लगपाशी मोजा. दोन्ही आकडे इथे टाका. वायर किती जाडीची आणि बॅटरीपासून फ्रिज किती लांब, तेही सांगा. अर्ध्या लोकांचा फ्रिज गरमीनं बंद पडत नाही, बारीक वायरीनं पडतो.

दारव्हेकर | ४ मे, दुपारी १:२०

वायरमन भाऊ, बॅटरीवर १२.४, फ्रिजपाशी ११.६. वायर १ स्क्वेअर एमएम, घरात दिव्याला वापरतो तीच उरली होती. अंतर पाचेक मीटर. सिगारेट लायटरचा सॉकेट आहे, तो हाताला गरम लागतोय.

वायरमन_वर्धा | ४ मे, दुपारी १:४५

सापडला पहिला चोर. पाच मीटर जायचे, पाच यायचे, झाले दहा. तांब्याच्या १ स्क्वेअर वायरीला दहा मीटरमागे ०.१७ ओहम धरा. फ्रिज साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे पाऊण व्होल्ट वाटेतच जळाला. तुमचे दोन आकडे तंतोतंत तेच सांगताहेत. बॅटरी जरा उतरली की फ्रिजला वाटतं संपलीच, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. ६ स्क्वेअरची वायर टाका, घट सव्वा दशांश व्होल्टवर येईल. लायटरचा सॉकेट काढून फेका, दोन पिनांचा घट्ट प्लग लावा. लग नीट दाबून बसवा, नुसते पिळे देऊन टेप गुंडाळू नका. बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज. बाकी तुमची बॅटरी कुठे आहे? त्याच कप्प्यात नाही ना?

दारव्हेकर | ४ मे, दुपारी १:५२

नाही, ती पुढे डाव्या पेटीत, १०० एएचची (अँपिअर-तास) लेड अ‍ॅसिड. वर १०० वॅटचं सोलर पॅनेल. वायर आजच बदलतो.

थर्मामीटर | ४ मे, सायंकाळी ६:३०

निवृत्त शिक्षक आहे, भौतिकशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे थोडं फळ्यावरचं बोलतो.

फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ते करताना स्वतः खाल्लेली वीजही उष्णता म्हणून बाहेरच टाकतो. तुमचा अख्खा फ्रिज कप्प्यात आहे. आतून उचललेली उष्णता मुळात त्याच कप्प्यातून फ्रिजच्या भिंतीतून आत झिरपलेली असते. म्हणजे ती गोल गोल फिरते. कप्प्यात रोज नवी भर पडते ती फक्त विजेची. ४५ वॅट धरा, देवघरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. एवढ्याशा बल्बनं कप्पा १४ अंश वर नेला, कारण हवेला बाहेर जायला वाट नाही.

आता पंख्याचा हिशेब. बाहेरच्या हवेपेक्षा कप्पा पाचच अंश गरम राहावा असं ठरवलं, तर ४५ वॅट वाहून न्यायला तासाला साधारण ३० घनमीटर हवा लागते. पंखेवाल्यांच्या भाषेत १७-१८ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. कॉम्प्युटरच्या डब्यातला १२० एमएमचा पंखा मोकळ्या हवेत ५०-६० सीएफएम देतो. जाळी, फिल्टर, वळणं यात त्यातलं निम्म्याहून जास्त गेलं तरी एक पंखा पुरतो. खातो किती? दोन-अडीच वॅट.

आणि फायदा दुहेरी आहे. कप्पा ५७ आणि आत ४, हा ५३ अंशांचा फरक फ्रिजच्या भिंतींवर चोवीस तास बसलेला असतो. कप्पा ४७ वर आणला की फरक ४३. आत झिरपणारी उष्णता पाचव्या हिश्श्यानं कमी, वर कॉम्प्रेसरलाही उष्णता फेकायला सोपं. फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर क्लायमेट क्लास बघा. एन असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी केलेला असतो, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. आपल्याकडचा मे या तक्त्याच्या बाहेरच सुरू होतो.

काळी_माती | ४ मे, सायंकाळी ६:४४

सर, तुमी आमाले शाळेत असते त आमी दहावीत गचकलो नसतो.

अकोल्याची_लेक | ४ मे, रात्री ९:१०

दारव्हेकर दादा, मी पिकअपमध्ये असेच दोन फ्रिज टाकून पनीर आणि श्रीखंड तालुक्याला पोचवते. सहा उन्हाळे झाले. सरांचा हिशेब बरोबर आहे, पण तुमची वीस भोकं का चालली नाहीत ते सांगते, कारण मीही आधी तेच केलं होतं.

तुमची भोकं कमी नाहीत. एक इंची वीस भोकं म्हणजे जवळपास सोळा चौरस इंच, १२० एमएमच्या पंख्याचं तोंडही साधारण तेवढंच. पण ती सगळी एकाच दारावर आहेत ना? फ्रिजचा स्वतःचा एक छोटा पंखा असतो. तो एका बाजूच्या जाळीतून हवा ओढतो, दुसऱ्या बाजूनं गरम करून टाकतो. बंद कप्प्यात ती गरम हवा फ्रिजला वळसा घालून परत ओढणाऱ्या जाळीशी येते. भोकांपर्यंत जाईल कशाला? जवळची वाट सोडून लांबच्या वाटेनं कोण जातं?

एक उदबत्ती लावा. फ्रिज चालू करून दोन्ही जाळ्यांपाशी धरा. धूर कुठे आत जातो, कुठून बाहेर येतो, ते खडूनं फ्रिजवरच बाण काढून लिहा. मग दार लावून भोकांपाशी उदबत्ती फिरवा. पैज लावते, धूर बहुतेक भोकांपाशी सरळ वर जाईल, आत ओढला जाणार नाही.

मग असं करा. फ्रिजच्या मधोमध, चारही बाजूंनी, एक आडोसा बसवा. प्लायची पट्टी आणि तिच्या कडेला दारांना लावतात तो स्पंज. म्हणजे कप्प्याचे दोन भाग होतात, ओढणाऱ्या जाळीचा आणि फेकणाऱ्या जाळीचा. पहिल्या भागाला खाली मोठं तोंड, दुसऱ्या भागाला वर मोठं तोंड. गरम हवेला परत यायला जागाच ठेवायची नाही. माझ्याकडे पंखा न बदलता नुसत्या या आडोशानं आठ अंशांचा फरक पडला होता.

दारव्हेकर | ५ मे, रात्री ८:१५

ताई, तुम्ही पैज जिंकलात. उदबत्ती लावली. वीसपैकी तीन भोकांत धूर आत गेला, बाकी सतरा नुसती शोभेची. फ्रिज डावीकडून ओढतो, उजवीकडून फेकतो, आणि उजवीकडे प्लाय आणि जाळीत जेमतेम एक इंच जागा होती. हात घातला तर चटका.

आई म्हणाली, "फ्रिजची पूजा मांडली का रे?"

फोटो टाकलाय. आता प्रश्न तोच, पंखा ढकलणारा लावू की ओढणारा?

सीताबर्डी_ते_सेमाडोह | ५ मे, रात्री ९:००

फोटो बघितला, पंख्याचं नंतर. शेजारच्या कप्प्यात तो लाल सिलिंडर पाच किलोचा आहे का? आणि दोन्ही कप्प्यांमध्ये नुसता प्लाय, खाली फट?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो आणि तुमच्या फ्रिजचं खालचं तोंड त्याला पंखा लावून ओढून घेईल. तिथे कॉम्प्रेसरचा सर्किट बोर्ड आहे, पंख्याची वायर आहे. सिलिंडर आधी तिथून हलवा. पुढे ओढदांडीवर उघड्या पिंजऱ्यात ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

दारव्हेकर | ५ मे, रात्री ९:०८

बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं. सिलिंडर आत्ताच काढून ओसरीत ठेवला. उद्या पिंजरा करून घेतो. मनापासून आभार.

सीताबर्डी_ते_सेमाडोह | ५ मे, रात्री ९:३०

आता पंखा. मी ओढून बाहेर टाकणारा लावतो, गरम भागाच्या वरच्या कोपऱ्यात. गरम हवा जिथे जमते तिथूनच पकडायची. बारा वर्षं मेळघाट, नवेगाव, ताडोबाच्या बाहेरची गावं, सगळीकडे चाललं.

अकोल्याची_लेक | ५ मे, रात्री ९:५२

काका, डांबरी रस्त्यावर चालतं. आमच्याकडे पांदणीतून जावं लागतं. बाहेर टाकणारा पंखा कप्प्यात ओढ तयार करतो, मग दाराच्या प्रत्येक फटीतून धूळ आत. चालत्या ट्रॉलीच्या मागे तर धुळीचा लोटच असतो. मी खालून फिल्टरमधून आत ढकलणारा लावते. मग कप्प्यात हवेचा थोडा दाब राहतो, फटीतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटकला की झालं. जिनिंगच्या हंगामात तर रोज, कंडेन्सरवर (फ्रिजच्या उष्णता फेकणाऱ्या नळ्यांवर) कापसाचे तंतू गोधडीसारखे बसतात.

सीताबर्डी_ते_सेमाडोह | ५ मे, रात्री १०:०१

पांदण असेल तर तुमचं खरं. माघार घेतो. फक्त फ्रिज ज्या दिशेनं फेकतो त्याच दिशेनं पंखा ढकलला पाहिजे. दोघं एकमेकांसमोर फुंकत बसले तर काही उपयोग नाही.

मेडिकलवाला | ६ मे, सकाळी ८:२०

फ्रिजपेक्षा इन्सुलिनबद्दल लिहितो. न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंशांत. सध्या वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन साधारण महिनाभर बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत, आणि आपल्याकडे मे महिन्यात घरातही ३० नसतं. नेमके दिवस आणि अंश खोक्यावर छापलेले असतात, ते बघा.

लोक उष्णतेला घाबरतात आणि थंडीनं घोळ करतात. पेटीफ्रिजची आतली भिंत किंवा तळ शून्याखाली जातो. इन्सुलिन भिंतीला टेकलं आणि गोठलं की संपलं. वितळल्यावर दिसायला तसंच दिसेल, पण वापरायचं नाही. स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, मधोमध, वरच्या टोपलीत ठेवा. शेजारी वेगळा तापमापी. फ्रिजच्या डिस्प्लेवर विश्वास नको, तो स्वतःच्या सेन्सरपाशी मोजतो.

आणि फ्रिज दगा देऊ शकतो हे धरूनच निघा. कुंभाराकडचं छोटं मडकं, बाहेरून ओलं फडकं, त्यात कोरड्या डब्यात चालू बाटली. सुक्या गरमीत मडकं आतून पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरतं. दोन दिवस निभावतात.

इतवारीकर | ६ मे, दुपारी २:३०

नमस्कार. नागपुरात आमचं कूलर बनवायचं काम आहे, वडिलांपासून. धागा वाचून एक गोष्ट सुचली, थर्मामीटर सरांनी खोडून काढावी.

तुम्ही सगळे बाहेरची ४५ ची हवा घेऊन कप्पा ४८-५० वर आणता. ती हवा मुळात थंड करूनच का घेऊ नये? ढकलणाऱ्या पंख्याच्या आधी वाळ्याची छोटी ताटी लावा. आम्ही कूलरला लावतो तीच, फूटभर बाय फूटभर. वर पाण्याची बाटली, सलाईनच्या नळीनं थेंब थेंब. पंख्याला इतकी कमी हवा ओढायची आहे की पंप लागणारच नाही.

थर्मामीटर | ६ मे, सायंकाळी ५:१०

खोडून काढायला बसलो होतो, पण हिशेबानं तुमचीच बाजू घेतली.

मेमधली आपली दुपार: ४५ अंश, आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. अशा हवेचं ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडून ती जास्तीत जास्त उतरू शकते ते, साधारण २४ येतं. ताटी शंभर टक्के काम करत नाही, पाऊण धरा. म्हणजे ४५ ची हवा ताटीतून २९-३० वर बाहेर येईल. कप्पा पाच अंश वर, ३५. आत ४ ठेवायचं तर फरक ३१ चाच, पहिल्या दिवशी तो ५३ होता.

पाणी किती? तासाला ३० घनमीटर हवा, म्हणजे सुमारे ३३ किलो. ती सोळा अंश थंड करायला जेमतेम पाव लिटर पाणी. दुपारचे आठ तास, दोन लिटर. लोक यापेक्षा जास्त पाणी गाडीची काच पुसायला घालवतात.

अट एकच, हवा सुकी हवी. मृग लागला की ताटीचा उपयोग संपला, उलट ओल वाढेल.

पुणेरी_पांथस्थ | ६ मे, सायंकाळी ५:४०

आमच्याकडे हे चालणार नाही, पण वाचून मजा आली. किटचं विधान मागे घेतो.

वायरमन_वर्धा | ६ मे, सायंकाळी ६:००

कल्पना झकास, पण पंखा ओढून थेंब कॉम्प्रेसरच्या बोर्डावर मारायला लागला तर बोर्ड जाईल. ताटी आणि पंख्यात चार इंच अंतर ठेवा, खाली पन्हाळ, पन्हाळीला बाहेर काढलेली नळी. ताटी चालत्या गाडीत ओली नको. मुक्कामी पोचल्यावरच पाणी सोडा. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, ताटी दगड होईल, प्यायचंच वापरा.

पंख्याला तापमानावर चालणारा स्विच लावायचा मोह होईल. ३५ ला लावला तर आपल्याकडे तो मे महिन्यात रात्री दोनलासुद्धा बंद होणार नाही, मग पैसे कशाला घालायचे? पंखा सरळ चालू ठेवा. दिवसाला पाच एएच जातात. कॉम्प्रेसर थांबल्यामुळे त्याच्या कितीतरी पट वाचतात.

दारव्हेकर | ११ मे, रात्री १०:२०

मंडळी, चार दिवस ग्राइंडर आणि मी. केलेलं सांगतो, आकडे शेवटी.

वायर ६ स्क्वेअरची टाकली. चालू कॉम्प्रेसरवर फ्रिजपाशी १२.३.

वीस भोकांच्या दाराला आतून पत्रा मारला. (वेल्डिंगवाला म्हणाला, "भाऊ, आधी पाडाले पैसे घेतले, आता बुजवाले घेतो.") फ्रिज अडीच इंच डावीकडे सरकवला, म्हणजे फेकणाऱ्या जाळीसमोर साडेतीन इंच मोकळे झाले. मधोमध ताईंनी सांगितलेला आडोसा. इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. फ्रिजच्या पोटाला कड्या आहेत, झाकणाला बिजागरी आहे, प्रत्येक ठिकाणी पट्टी वेगळी कापावी लागते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग प्लाय. स्पंज दाबून बसला की उदबत्तीचा धूर पलीकडे जात नाही, तोवर घासत बसलो. फ्रिजखाली दोन लाकडी पट्ट्या टाकून इंचभर उचलला होता, तिथूनही हवा पलीकडून अलीकडे येत होती. तीही फट स्पंजानं बंद केली तेव्हा कुठे धूर थांबला.

डाव्या भागाला खाली सहा बाय सहा इंचांचं तोंड, त्याला फिल्टर, आत पन्हाळ, ताटी, चार इंच सोडून १२० एमएमचा पंखा. उजव्या भागाला वर सात बाय पाचचं तोंड, त्यावर खाली वाकलेल्या पत्र्याच्या झडपा, पाऊस आत येऊ नये म्हणून. दोन्ही तोंडं ट्रॉलीच्या वेगळ्या बाजूंना आहेत, टाकलेली हवा पुन्हा घेतली जाऊ नये. वरच्या पत्र्याला बाहेरून चुन्याचे दोन हात दिले, आतून थर्माकोल.

आकडे. सगळे दुपारी तीनचे, बाहेर सावलीत ४४.

नुसता आडोसा आणि दोन तोंडं, पंखा बंद: कप्पा ५१, फ्रिज आत ६.

पंखा चालू, ताटी कोरडी: कप्पा ४८, फ्रिज ४, कॉम्प्रेसर तासाला ४१ मिनिटं चालला (पोरगा वही घेऊन बसला होता).

ताटी ओली: कप्पा ३५. कॉम्प्रेसर तासाला २४ मिनिटं.

सर, तुमचे ३५ आणि माझे ३५. तापमापी दोनदा झटकून बघितला.

आईनं कप्प्यात डोकावून वास घेतला आणि म्हणाली, "हे बरं आहे, मलाच बसव इथं."

अकोल्याची_लेक | ११ मे, रात्री १०:४१

दादा, फ्रिजखालची फट! मला ती दुसऱ्या उन्हाळ्यात सापडली होती, तुम्हाला चौथ्या दिवशी. मस्त.

इतवारीकर | ११ मे, रात्री ११:०५

ताटी रात्री उतरवून वाळवा, नाहीतर आठवड्यात बुरशीचा वास येईल. ओली बंद करायच्या आधी अर्धा तास कोरडा पंखा चालवा, म्हणजे प्लाय फुगणार नाही. प्लायच्या कडांना तेलरंग मारा.

थर्मामीटर | १२ मे, सकाळी ६:१५

पोराची वही जपून ठेवा.

दारव्हेकर | २४ मे, रात्री ९:५०

आलो. मंगरूळपीर, वाशिम, रिसोड करून लोणार, मग मेहकर. येताना शेगाव. सहा मुक्काम. इन्सुलिन एकदाही ८ च्या वर गेलं नाही. एकदा खाली गेलं होतं, १.५ वर, पहाटे. मेडिकलवाल्या भाऊंचं ऐकून वेगळा तापमापी ठेवला होता म्हणून कळलं, डिस्प्ले ४ च दाखवत होता. रात्री हवा उतरते आणि आपण दुपारच्या हिशेबानं लावलेलं असतं. आता झोपताना ५ वर करतो.

रिसोडनंतर काम चालू असलेला रस्ता होता, वीसेक किलोमीटर. तेवढा वेळ दोन्ही तोंडांवर झाकण लावून फ्रिज बंदच ठेवला. तासाभरात आत एक अंश चढला. फिल्टर मात्र विटेसारखा लाल झाला होता.

मडकं नेलं होतं. लागलं नाही, पण आईनं त्यातलंच पाणी प्यायलं सगळा प्रवास, फ्रिजमधलं नाही.

सीताबर्डी_ते_सेमाडोह | २४ मे, रात्री १०:१५

वाचनखूण साठवली. मुक्कामी ट्रॉली उभी करताना फ्रिजची बाजू उत्तरेला किंवा पूर्वेला करत जा. कडुनिंबाखाली दुपारी तीनची सावली कुठे पडेल ते सकाळी दहालाच बघायचं.

दारव्हेकर | १९ जून, सायंकाळी ७:३०

नवीन भानगड. पाऊस लागला, ताटी काढून ठेवली. काल सहज फ्रिज चालू केला तर कप्पा बाहेरच्यापेक्षा ११ अंश वर. पंखा फिरतोय, हवा येत नाही. वरच्या झडपा उघडून बघितल्या तर कुंभारीण माशीनं आतल्या जाळीवर मातीची घरं बांधलीत, एकाला एक चिकटून सात. पाव इंची जाळी होती, आरामात आत गेली. एक घर फोडलं तर आत हिरव्या अळ्या भरून ठेवलेल्या.

मच्छरदाणीची जाळी लावली तर हवा निम्मी होईल ना?

थर्मामीटर | १९ जून, रात्री ८:००

जवळपास निम्मी होईल. म्हणून जाळी बारीक लावताना तोंड दुप्पट मोठं करा. तोंडाबाहेर खोक्यासारखी चौकट काढून तिच्या पाचही बाजूंना जाळी लावली तर पत्रा न कापताही जागा वाढते.

काळी_माती | १९ जून, रात्री ८:२२

दारव्हेकर भाऊ, मले वावरातून दुधाच्या कॅना आणाले असाच कप्पा बनवाचा हाये, मालवाहू ऑटोत. आडोसा आन् दोन तोंडं समजली. तो पंखा कुठी भेटला आन् केवढ्याले? पुठ्ठ्याचा नमुना ठेवला असन त फेकू नका, रविवारी येऊन घेऊन जातो.

दारव्हेकर | १९ जून, रात्री ८:४०

पंखा यवतमाळला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून जुना घेतला, चहाच्या पैशात. नमुना आहे, पण तो माझ्या फ्रिजच्या मापाचा, तुम्हाला जसाच्या तसा बसणार नाही. रविवारी दुपारी या, उदबत्तीचा पुडा घेऊन या.